दमास्कस आणि ट्विस्ट नळ्या: नक्षी कशी घडते आणि ती पुन्हा वर कशी आणायची

जुन्या दुनळी बंदुकीच्या दमास्कस नळीवर जी वळणावळणाची नक्षी दिसते, ती नळीच्या भिंतीत आरपार गेलेली असते. वरचा रंग उडाला, गंज चढला, कुणी यंत्रावर घासून सगळं पांढरंफटक केलं, तरी आत ती शाबूत राहते. म्हणून अशा नळीचं फिनिशिंग करायला बसताना मी एकच गोष्ट मनाशी पक्की धरते: नक्षी आपण काढायची नाही, तिला वर येऊ द्यायचं. किती घासायचं, ॲसिडमध्ये किती वेळ ठेवायचं, रंग चढवायला मुद्दाम धरवलेल्या गंजाचे हात किती द्यायचे, या सगळ्याची उत्तरं यातूनच निघतात. पण त्यासाठी नळी बनली कशी हे आधी समजायला हवं. ते न समजता ज्यांनी हात घातला त्यांच्या नळ्या दुरुस्त करण्यात माझा बराच वेळ जातो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. इथे जे सांगते आहे ते रूपाबद्दल आहे. फिनिशिंग सुंदर झालं म्हणून नळी झाडण्यालायक होत नाही. या नळ्या काळ्या दारूसाठी घडवल्या होत्या. त्यांची भिंत किती जाड उरली आहे, काडतूस बसतं ते चेंबर किती लांब आहे, पूर्वी कुणी आतून किती खरवडलं आहे, हे मोजून आणि प्रूफ हाऊसमध्ये, म्हणजे नळ्या जास्त बारानं तपासून ठसा देणाऱ्या अधिकृत संस्थेत, चाचणी होऊनच ठरतं. ते ज्याचं काम त्यालाच करू द्यावं. बंदूक हातात आली की आधी ती रिकामी आहे हे दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड बघून पाहायचं. ठासणीची, म्हणजे तोंडातून बार भरायची, असेल तर गज आत घालून खोली मोजायची आणि ती बाहेरून ताडून बघायची, कारण जुन्या ठासणीच्या बंदुकीत कित्येक दशकांपूर्वीचा बार तसाच बसलेला सापडतो.

नळी घडते कशी

एकोणिसाव्या शतकात या कामाची दोन मोठी ठिकाणं होती. एक इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, दुसरं बेल्जियममध्ये लिएजजवळचं वेस्द्र नदीचं खोरं, त्यातही नेसोंवो आणि आसपासची गावं. इंग्रजी नाव कोरलेल्या कित्येक बंदुकींच्या नळ्या मुळात बेल्जियममधून कच्च्या स्वरूपात आलेल्या असत. त्यामुळे नुसत्या नावावरून नळीचं माहेर ठरवू नये.

साधी ट्विस्ट नळी समजायला सोपी. घडीव लोखंड आणि पोलाद यांचे थर एकावर एक रचून तापवायचे, ठोकून एकजीव करायचे आणि त्यातून लांब पट्टी लाटायची. ही पट्टी एका गजाभोवती तिरकी गुंडाळली की नळी तयार होते. पट्टीतले थर नळीभोवती तिरक्या रेघांसारखे फिरत जाताना दिसतात. याच घराण्यातली स्टब ट्विस्ट. तिच्यात घोड्याच्या नालांच्या जुन्या खिळ्यांचे तुकडे पोलादाच्या तुकड्यांबरोबर वितळबिंदूच्या अलीकडे तापवून एकत्र ठोकत. खिळ्यांचं लोखंड आधीच अनेकदा तापून आणि ठोकून निघालेलं, चिवट, म्हणून त्याला मान होता. स्टब ट्विस्टवर रेघा तुटक आणि बारीक दिसतात. पुष्कळ लोक ती साधी नळी समजून बाजूला ठेवतात, याचं मला वाईट वाटतं. चांगली स्टब ट्विस्ट ही फार सभ्य, शांत दिसणारी नळी असते.

दमास्कसमध्ये एक पायरी वाढते आणि सगळं बदलतं. लोखंड-पोलादाचे थर एकजीव करून त्यातून आधी चौकोनी सळया काढतात, साधारण बोटाहून बारीक. सळई लालबुंद तापवायची, एक टोक पक्कं अडकवायचं, दुसरं फिरत्या दांड्याला लावायचं आणि पिळायचं. जिथे ताप जास्त तिथे पीळ धावतो, म्हणून एक माणूस चिमटा घेऊन तो भाग आवरून धरतो, म्हणजे पीळ सगळीकडे सारखा पडतो. बारीक कामात एका इंचाला अठरापर्यंत वेढे पडत. एवढं पिळताना सळई आखडते आणि दोरखंडासारखी दिसू लागते.

मग अशा दोन, तीन, चार, कधी सहा सळया शेजारी शेजारी ठेवून, एकीचा पीळ उजवा तर पुढचीचा डावा, त्या जोडून एक पट्टी करायची. ही पट्टी गजाभोवती गुंडाळायची. वेढ्यांच्या फटी अजून उघड्या असतात. तो वेटोळा पांढऱ्या तापापर्यंत तापवून उभा धरून लोखंडी ठोकळ्यावर आपटत, म्हणजे वेढे एकमेकांत बसत. मग आत गज घालून खाचेच्या ऐरणीवर हातोड्यांनी भोवताली ठोकून जोड बंद करत. बेल्जियममध्ये आत पातळ पत्र्याची नळी ठेवून तिच्यावर पट्टी गुंडाळायची पद्धत होती. ती आतली नळी शेवटी बोअर, म्हणजे नळीचं आतलं भोक, पाडताना निघून जाई. ब्रीचकडचा, म्हणजे मागच्या टोकाकडचा, भाग जाड पट्टीचा आणि तोंडाकडचा पातळ पट्टीचा, असे वेगळे घडवून जोडत. दुनळीसाठी एका नळीचा वेढा उजवा तर दुसरीचा डावा ठेवत, म्हणजे दोन्ही शेजारी आल्या की नक्षी आरशातल्यासारखी समोरासमोर येते. काम हातात आलं की मी हे पहिल्यांदा बघते. वेढे एकाच दिशेनं जात असतील तर ती जोडी साध्या कामाची.

आता कुरळ्या नक्षीचं कारण. पिळलेल्या सळईच्या अंगावर नुसत्या तिरक्या रेघा असतात. पण तीच सळई वरून घासत मध्यापर्यंत नेली की रेघा वाकतात आणि गाभ्याशी पोचल्यावर छोटी छोटी चक्रं दिसतात. नळी घडवून, बाहेरून कानसून मापात आणताना नेमकं हेच होतं. लिएजची तीन सळयांची क्रोल, म्हणजे कुरळ्या नक्षीची, नळी भिंगाखाली धरली तर एका पट्टीत चक्रांच्या तीन रांगा दिसतात. मधल्या रांगेतलं चक्र उलट्या अंगानं वळलेलं असतं. दोन रांगांच्या मधे सळया जिथे चिकटल्या ती बारीक काळपट शीव असते, आणि तीन रांगांनंतर जरा ठळक शीव येते ती पट्टीच्या वेढ्याची. मी त्या ठळक शिवेवर बोट ठेवून नळीभोवती फिरवत जाते, ब्रीचपासून तोंडापर्यंत. वाटेत एका जागी पट्टीची रुंदी अचानक बदलते. तिथे जाड आणि पातळ भाग जोडले होते. नक्षीत तिथे किंचित चूक असतेच.

क्रोल, बर्नार्ड, बॉस्टन, वॉशिंग्टन, एत्वाल, टर्किश अशी नक्षींची डझनांनी नावं आहेत. सगळ्यांच्या मुळाशी थरांची रचना, पिळाची दाटी आणि सळयांची संख्या एवढंच आहे. भारतातल्या मुशीतल्या पोलादाच्या, म्हणजे वुट्झच्या, तलवारीवर जे पाणी दिसतं ते वेगळं. ते ओतीव गोळ्यातल्या कार्बाइडच्या रचनेतून येतं. बंदुकीच्या नळीत दोन धातू ठोकून जोडलेले असतात. नाव एक झालं म्हणून दोन्हीला एकच मात्रा लागू पडत नाही.

या नळ्या कमकुवत होत्या असं सरसकट म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसच्या, १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३९ प्रकारच्या नळ्या वाढत्या बारानं तपासल्या होत्या, आणि त्यात पहिली आली ती इंग्रजी, यंत्रावर घडवलेली, तीन सळयांची लॅमिनेटेड, म्हणजे थर ठोकून जोडलेली, नळी. अखंड पोलादाच्या नळ्या तिच्या मागे होत्या. अर्थात तेव्हा त्या नव्याकोऱ्या होत्या. शंभर-सव्वाशे वर्षांचा गंज, खरवड आणि ठोके सोसलेल्या नळीला ते प्रमाणपत्र लागू होत नाही. पुढे अखंड पोलाद स्वस्त आणि भरवशाचं झालं, धूररहित दारू आली आणि हा धंदा ओसरू लागला. ऑगस्ट १९१४ मध्ये लिएजवर स्वारी झाली तेव्हा उरलंसुरलं कामही मोडलं.

हात लावायचा की नाही

मूळ रंग निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर मी नळी फक्त साफ करते, तेल लावते आणि परत देते. मूळ फिनिश एकदाच असतं. ते थोडं विटलेलं असलं तरी आपल्या कितीही चांगल्या कामापेक्षा मोलाचं.

पुन्हा फिनिश करायचं ठरलं तर नळीखालचा पुढचा लाकडी भाग, म्हणजे फोरएंड, काढून त्याखालची नळी बघा. तिथे घाम, ऊन, कापड काही लागलेलं नसतं. मूळ रंग काय होता, तपकिरी की काळा-पांढरा, नक्षी किती ठळक होती, हे तिथेच कळतं. त्याचा फोटो आडव्या उजेडात काढून ठेवा. आपलं काम त्याच्याशी ताडायचं.

तिथेच नळी खरी आहे की नाही हेही तपासता येतं. साध्या पोलादी नळीवर ॲसिडनं किंवा छापून दमास्कसचा आभास निर्माण केलेल्या स्वस्त बंदुका खूप झाल्या. नखाएवढी जागा बारीक पॉलिश पेपरनं पूर्ण पांढरी करा आणि धातू खाणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या पातळ द्रावणाचा एक थेंब ठेवा. नक्षी खरी असेल तर मिनिटभरात परत उमटते. खोटी असेल तर नुसता करडा डाग पडतो. नळीच्या खालच्या सपाट भागावरचे ठसेही वाचून घ्या. लिएजचा अंडाकृतीतला ईएलजी, बर्मिंगहॅमचे मुकुटाखालचे ठसे, चौकटीतला बोअरचा आकडा. ते ठसे शेवटपर्यंत तितकेच तीक्ष्ण राहिले पाहिजेत.

मग रिब. दोन नळ्यांच्या मधल्या वरच्या-खालच्या पट्ट्या बऱ्याच इंग्रजी बंदुकींत कथील-शिशाच्या डाकानं बसवलेल्या असतात. जोडी एका आकड्याला अधांतरी टांगा आणि बोटाच्या पेरानं हलकेच वाजवा. स्वच्छ, लांब नाद आला तर डाक धरून आहे. भर्र असा फुटका आवाज आला तर रिब कुठेतरी सुटली आहे. सुटलेल्या रिबच्या नळीला पाण्यात घालू नका. आधी रिब बसवून घ्या, आणि तेही जाणकाराकडून, कारण नळी तापवण्याचं काम आहे.

कॉस्टिकच्या उकळत्या मिठात बुडवून नळी काळी करायचं गरम ब्लूइंग या नळ्यांना चालत नाही, त्याचंही कारण हाच डाक. कॉस्टिक कथील-शिसं खातं. माझ्याकडे एक सुरेख जोडी आली होती, कुठल्याशा दुकानात आधुनिक रायफलींबरोबर त्याच टाकीत बुडवून काळी केलेली. खालची रिब हातानं उचलली जात होती आणि आत पांढरं मीठ साचून नळ्या आतल्या बाजूनं खड्डे पडेपर्यंत कुजल्या होत्या. त्या नळ्यांवर कितीही चांगला रंग चढवला असता तरी उपयोग नव्हता. दमास्कसला सावकाश गंज देणं, एवढा एकच रस्ता आहे.

घासणं

जुना रंग आणि गंज काढायला पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड नळीभोवती गुंडाळा आणि थोड्या थोड्या वेळानं उघडून बघा. अख्खी जोडी व्हिनेगरमध्ये बुडवू नका, ते रिबखाली शिरतं. काम झालं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून कोरडं करा.

घासताना यंत्राचं चाक वर्ज्य. चाक मऊ जागा जास्त खातं, कडा गोल करतं, अक्षरं पुसट करतं आणि नळीवर लाटा पाडतं. त्या लाटा रंग चढल्यावरच दिसतात, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. लाकडाच्या चपट्या तुकड्याला, गोलाईसाठी जाड नमद्याला, पॉलिश पेपर गुंडाळून नळीच्या लांबीच्या दिशेनं लांब हात मारायचे. २२० नंबरच्या पेपरपासून सुरुवात, मग ३२०, आणि ४०० वर थांबायचं. त्याहून गुळगुळीत केलं तर गंज नीट धरत नाही. तेलाऐवजी थोडं रॉकेल वापरलं तर पेपर भरत नाही. खोल खड्ड्यांचा पाठलाग करू नका. खड्डा घालवायला आजूबाजूची सगळी भिंत तेवढी उतरवावी लागते. खड्डा राहिलेली नळी जुनी दिसते, भिंत पातळ झालेली नळी निकामी होते. मी घासण्याआधी आणि नंतर भिंतीची जाडी मोजून लिहून ठेवते.

नळीत कुठे कुठे करडे ठिपके दिसतील. घडताना आत अडकलेली मळी आहे ती. घासून जात नाही, कारण एक घासलं की खाली दुसरं असतं. त्यांना राहू द्या.

बुचं, धुणं, पहिलं ॲसिड

नळीच्या आत ॲसिड किंवा गंजाचं पाणी जाता कामा नये. कठीण लाकडाची निमुळती बुचं करून दोन्ही टोकांना घट्ट बसवा. एका टोकाच्या बुचांना वीतभर लांब दांडा ठेवा, म्हणजे पुढे नळीला हात न लावता सगळं त्या दांड्यांनीच धरता येतं. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की दांड्याच्या बुचातून आरपार बारीक भोक पाडायचं आणि ते टोक पाण्याच्या वर ठेवायचं. नळी उकळत्या पाण्यात गेली की आतली हवा फुगते. वाट नसेल तर बूच उडतं आणि उकळतं पाणी अंगावर येतं.

मग धुणं. भांड्याच्या साबणानं, नंतर ॲसिटोननं, शेवटी खडूच्या पुडीची पाण्यात केलेली पेस्ट लावून चोळून. नळीवर पाणी ओतलं की ते न तुटता सलग पसरलं पाहिजे. कुठे पाणी थेंब होऊन आखडलं तर तिथे तेल आहे, पुन्हा धुवा. यापुढे रबरी हातमोजे काढायचे नाहीत. एका अंगठ्याचा ठसा पुढच्या सगळ्या हातांत दिसत राहतो.

एका टोकाला बंद केलेला पीव्हीसीचा पाइप उभा करा आणि त्यात फेरिक क्लोराइडचं पातळ द्रावण भरा. सर्किट बोर्ड खाण्यासाठी जे मिळतं तेच. ते मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये चारपट किंवा त्याहून पातळ करते. डोळ्यांवर चष्मा, उघडी खिडकी, आणि जवळपास एकही चांगलं हत्यार नको, कारण वाफेनंही ती गंजतात. नळी बुडवा, दर दोन-तीन मिनिटांनी काढून पाण्याखाली धरा आणि बघा. घड्याळाकडे बघून काम करू नका. द्रावण किती जुनं, हवा किती गरम, धातू कुठला, यावर वेळ बदलते. नख आडवं फिरवलं की नक्षी किंचित टोचते, एवढं झालं की थांबायचं. नंतर सोड्याच्या पाण्यात बुडवून भरपूर धुवायचं. दोन धातू आता कमीजास्त खाल्ले गेलेत आणि नक्षीला उंची-खोली आली आहे.

गंजाचे हात

संयम लागतो तो इथे. सावकाश गंज देणारी तयार द्रावणं मिळतात, तीच वापरा. जुन्या पाककृतींत नायट्रिक ॲसिड, मोरचूद आणि पाऱ्याचे विषारी क्षार असत. पाऱ्याचे क्षार घरात आणूच नका. रंग त्यांच्याशिवायही उत्तम येतो.

कापसाचा बोळा द्रावणात बुडवून इतका पिळायचा की तो जवळजवळ कोरडा वाटावा. ब्रीचपासून तोंडापर्यंत एक लांब हात, शेजारी दुसरा, तिसरा. गेलेल्या जागी परत फिरायचं नाही. ओघळ दिसला तर द्रावण जास्त झालं. मोरचूद असलेल्या द्रावणाचा ओला हात दोनदा फिरला की तांब्याचा गुलाबी डाग पडतो आणि तो शेवटपर्यंत त्रास देतो.

नळी दमट कपाटात टांगा. लाकडी कपाट, तळाशी कोमट पाण्याचं ताट, पाण्यापासून दूर एक छोटा बल्ब, आणि भिंतीला आर्द्रता मोजायचं यंत्र. आर्द्रता ७० ते ८० टक्के आणि आत उबदार हवा असली की चांगला गंज येतो. तीन तासांनी बघा, मग दर तासाला. हवा तो गंज असा दिसतो: पूर्ण नळीवर सारखा, केशरी-तपकिरी, इतका बारीक की दाणा डोळ्याला दिसत नाही, तिरक्या उजेडात मात्र तो मखमाली चमक देतो. दाणे दिसू लागले किंवा थेंबांचे गोल उमटले तर जास्त झालं. रात्रभर विसरलेली नळी सकाळी खड्ड्यांची निघते.

इथून दोन वाटा फुटतात. काळा-पांढरा रंग हवा असेल तर नळी लांब स्टीलच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहा-पंधरा मिनिटं उकळा. लाल गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. बदलताना बघायला मला अजूनही फार आवडतं. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार ठिपके सोडतात. तपकिरी हवा असेल, जसा जुन्या ठासणीच्या ट्विस्ट नळ्यांना शोभतो, तर उकळायचं नाही. गरम पाण्यानं फक्त खंगाळायचं, म्हणजे गंज थांबतो आणि लालसर तपकिरीच राहतो.

नळी गरम असतानाच पाणी उडून जातं. मग सैल गंज काढायचा. ०००० नंबरचं स्टील वूल वापरा, पण आधी ते ॲसिटोनमध्ये धुवून वाळवा, कारण कारखान्यातून ते तेल लावून येतं. हात हलका. जे धरलं आहे ते ठेवायचं, जे सैल आहे तेवढंच उचलायचं. पहिल्या हातानंतर नळी मळकट आणि निराशाजनक दिसते. तिथे घाबरून द्रावण वाढवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या हातात रंग बसू लागतो, लोखंड गडद होत जातं आणि पोलाद फिकं राहतं.

दर दोन हातांनी फिक्या रेघाही मळू लागतात. तेव्हा फेरिक क्लोराइड आणखी पातळ करून त्यात नळी पाच-दहा सेकंद बुडवायची, लगेच धुवायची आणि स्टील वूलचा एक हलका हात मारायचा. फिक्या रेघा पुन्हा उघडतात. सेकंद मोठ्यानं मोजा; वीस सेकंदांत आधीच्या हातांची मेहनत निघून जाते. बर्मिंगहॅमच्या काळ्या-पांढऱ्या कामात लॉगवुडच्या लाकडाचा काढा उकळायच्या पाण्यात घालत. त्यातला रंग लोखंडाशी मिळून काळेपणा वाढवतो. त्याचा परिणाम मला आवडतो, पण साधं डिस्टिल्ड वॉटर नीट जमल्याशिवाय त्याकडे वळू नये.

पाच ते आठ हात पुरतात. फोरएंडखालचा तो फोटो काढा आणि नळी त्याच आडव्या उजेडात धरा. दोन्ही सारखे दिसले की थांबा. आणखी एक हात दिला तर नक्षी आणखी ठळक होईल असं प्रत्येक वेळी वाटतं, आणि मग नळी झेब्र्याच्या पट्ट्यांची होते. मुळातल्या चांगल्या नळ्यांवर तसा भडकपणा नसतो. नक्षी हातभर अंतरावरून सौम्य आणि जवळून स्पष्ट दिसते.

शेवट करताना

शेवटच्या हातानंतर सोड्याच्या पाण्यात बुडवा, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये पाच मिनिटं उकळा. बाहेर काढून गरम असतानाच बुचं काढा आणि दोन्ही नळ्या आतून कोरड्या फडक्यानं पुसून तेल लावा. खालच्या रिबमध्ये पाणी निघायला बारीक भोक असेल तर नळी उभी टांगून तिथून पाणी पूर्ण निथळू द्या, हेअर ड्रायरनं उब द्या, मग त्याच भोकातून पाणी हटवणारं पातळ तेल आत सोडा.

बाहेरून भरपूर तेल लावून दोन दिवस राहू द्या. गंज थांबला असं वाटलं तरी शिवांमधून तो पुन्हा डोकावतो, म्हणून पहिले काही दिवस रोज पुसून नवं तेल लावायचं. फडक्यावर नारिंगी छटा येईनाशी झाली की तेल पुसून मेणाचा पातळ हात द्या. जवसाचं तेल वापरत असाल तर त्याची फडकी गोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. ती आपोआप पेट घेतात.

चामड्याच्या पेटीत किंवा म्यानात नळी ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि त्यातली ॲसिडं रंग खातात. महिन्याभरानं रिबच्या दोन्ही कडा आणि ठशांचे खोलगट भाग भिंगानं तपासा. तपकिरी टिंब दिसलं तर तेलात भिजवलेल्या स्टील वूलचा एकच हलका फेरा पुरतो. नळीबरोबर एक कागदही ठेवून द्या, त्यावर घासण्याआधीची आणि नंतरची भिंतीची जाडी, वापरलेलं द्रावण, हातांची संख्या आणि तारीख लिहिलेली.